स्थळ पाहावयाचा हंगाम : अमेरिकेतील वसतिशाळा आणि कॉलेजप्रवेश

लग्नासाठी स्थळ पाहणे आपल्याला ठाऊक आहे. घर पाहणे, बैल पाहणेही ठाऊक आहे. कॉलेज पाहावयास जाणे हा प्रकार मात्र मराठी माणसाच्या अजून पुरता अंगवळणी पडलेला नाही. आपल्याकडे कॉलेज पाहावयाचे नसते, ते मिळावयाचे असते. परीक्षेचा निकाल लागतो, मग यादी लागते, यादीत नाव निघाले की पहिल्या दिवशी आपण त्या इमारतीचे तोंड पाहतो आणि पुढील तीन-चार वर्षे तेथे काढतो. अमेरिकेत रीत उलट आहे. तेथील विद्यार्थी, निदान ज्याला ते परवडते तो, अर्ज करण्याच्या आधी पाच-सात कॉलेजे हिंडून येतो, एखाद्या वर्गात मागच्या बाकावर बसून पाहतो, खानावळीत जेवून पाहतो. आणि त्याच फेरीत किंवा तिच्या मागोमाग कॉलेजच्या वतीने कोणी तरी त्याच्याशी अर्धा-पाऊण तास बोलते. आपल्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाशी याचे साम्य कोणास दिसले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. कोण कोणाला पाहत आहे, हे तेथेही नेहमी स्पष्ट नसते.

या रीतीत एका प्रकारच्या विद्यार्थ्यांची विशेष कुचंबणा होते. ते म्हणजे घरापासून दूर, वसतिशाळेत म्हणजे बोर्डिंग स्कूलमध्ये राहून शिकणारे विद्यार्थी. हे विधान ऐकून जाणकार हसतील. मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हरची फिलिप्स अकॅडमी १७७८ ची. न्यू हँपशरमधील एक्झिटरची शाळा १७८१ ची. कनेक्टिकटमधील हॉचकिस ही शाळा तर १८९१ साली मुलांना येलसाठी तयार करावे, या हेतूनेच निघाली. ज्या शाळांचा जन्मच मुलांना कॉलेजच्या दारापर्यंत नेऊन पोहोचविण्यासाठी झाला, तेथील मुलांना कॉलेज पाहण्याची अडचण ती कसली? अडचण बुद्धीची नाही, आणि पुष्कळांच्या बाबतीत पैशाचीही नाही. अडचण तारखांची आहे.

पूर्वी ती नव्हती, कारण तेव्हा मुलगा कॉलेजकडे जाण्यापेक्षा कॉलेजच मुलाकडे येई. १९५० च्या आणि १९६० च्या दशकांत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांचे प्रवेशाधिकारी काही ठरावीक शाळांत जात, मुलांना भेटत, मुख्याध्यापकांशी बोलत आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे ए, बी किंवा सी असे अक्षर ठेवून परत येत. ए म्हणजे प्रवेश जवळजवळ नक्की, बी म्हणजे शक्य, सी म्हणजे दुसरीकडे पाहिलेले बरे. डीअरफील्ड अकॅडमीचे फ्रँक बॉयडन हे १९०२ पासून १९६८ पर्यंत, सहासष्ट वर्षे, एकाच शाळेचे मुख्याध्यापक होते. अशा माणसाच्या शब्दाला कॉलेजच्या कचेरीत काय वजन असेल, हे सांगावयास नको. सोय मोठी होती खरी, पण ती मूठभर शाळांची होती. ओहायोतील एखाद्या सरकारी शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या नावापुढे अक्षर ठेवावयास कोणी जात नसे. ती पद्धत मोडली हे बरेच झाले, असे आम्हांस वाटते.

मुलाखतीचे कूळही फारसे अभिमानास्पद नाही, आणि ते एकदा सांगून टाकणे बरे. पहिल्या महायुद्धानंतर पूर्व किनाऱ्यावरील मोठ्या कॉलेजांत, केवळ परीक्षेच्या बळावर प्रवेश मिळविणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी १९२२ मध्ये त्यांच्या संख्येस मर्यादा घालण्याची कल्पना उघडपणे मांडली तेव्हा मोठा गदारोळ झाला. मग जे उघड जमले नाही ते आडवाटेने साधले गेले : गुणांबरोबर ‘चारित्र्य’ पाहावयाचे ठरले, आणि ते पाहावयाचे तर छायाचित्र हवे, शिफारसपत्रे हवीत, समोरासमोर भेट हवी. जेरोम कॅराबेल यांनी ‘द चोझन’ या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा सारा इतिहास कागदपत्रांनिशी मांडला आहे. पुढे हेतू बदलला, साधन राहिले. आज तीच मुलाखत घेणारे लोक तिच्यातून विद्यार्थ्याचे कुतूहल, त्याचा मोकळेपणा आणि त्या कॉलेजविषयीची त्याची खरी ओढ पाहतात.

तिचे वजन किती, हा प्रश्न पालक पहिल्यांदा विचारतात. याचे सरसकट उत्तर नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ पदवीच्या प्रवेशासाठी मुलाखत घेतच नाही. हार्वर्ड आणि एम्. आय्. टी. यांच्या मुलाखती प्रामुख्याने ठिकठिकाणी राहणारे त्यांचे माजी विद्यार्थी घेतात, तेव्हा त्यासाठी कॉलेजच्या आवारात जाण्याचे कारणच नाही. लहान कॉलेजांपैकी काही मात्र आपल्या कचेरीत बोलावून मुलाखत घेतात. कधी अधिकारी घेतो, कधी त्यासाठी शिकवून तयार केलेला शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी घेतो. अंदाज बांधीत बसण्यापेक्षा एक साधा उपाय आहे. पुष्कळशी कॉलेजे दर वर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे पत्रक प्रसिद्ध करतात. त्याच्या सी-७ या कलमात कोणत्या गोष्टीला प्रवेशात किती महत्त्व दिले जाते याचा तक्ता असतो, आणि त्यात ‘मुलाखत’ ही एक ओळ व ‘अर्जदाराने दाखविलेली आस्था’ ही दुसरी ओळ असते. ज्या कॉलेजने या दोन्ही ओळींपुढे ‘विचारात घेत नाही’ असे लिहिले आहे, तेथे जावयाचे असेल तर स्वतःच्या समाधानासाठी जावे. हजेरी लावण्यासाठी जाऊ नये. प्रवासाचे निम्मे ओझे या एका तक्त्याने हलके होते.

आता तारखांकडे वळू. अमेरिकेतील अकरावी म्हणजे शाळेचे शेवटून दुसरे वर्ष; पाहणीचा हंगाम त्या वर्षाच्या वसंतात सुरू होतो. मॅसॅच्युसेट्समधील सरकारी शाळांना फेब्रुवारीत एक आणि एप्रिलमध्ये एक अशा आठवड्याच्या सुट्ट्या असतात. एप्रिलच्या त्या आठवड्यात कॉलेजे जोरात चालू असतात, हिरवळ उगवलेली असते, आणि आईबाप मुलाला गाडीत घालून तीन दिवसांत पाच कॉलेजे दाखवून आणतात. वसतिशाळेचे पंचांग वेगळे. तेथे अनेक ठिकाणी शनिवारीही वर्ग भरतात, त्याची भरपाई म्हणून सुट्ट्या लांब असतात, आणि वसंताची सुट्टी मार्चमध्ये दोन-तीन आठवडे सलग येते. ऐकावयास हे फार सोयीचे वाटते. परंतु कॉलेजांची स्वतःची वसंताची सुट्टीही बहुधा मार्चमध्येच असते! मुलगा हजार मैलांवरून येतो, मार्गदर्शक त्याला उलटे चालत चालत ग्रंथालय दाखवितो, जेवणघर दाखवितो, आणि जेवणघरात कोणी जेवत नसते. न्यू इंग्लंडमध्ये त्या सुमारास अर्धवट वितळलेला बर्फ आणि चिखल असतो. अशा दिवशी कोणतेही कॉलेज पाहिले तर ते नापसंतच पडावयाचे, आणि तो त्या कॉलेजवर अन्याय होय.

म्हणून पहिले काम तिकीट काढण्याचे नव्हे, पंचांगे जुळविण्याचे. शाळेची सुट्टी एका कागदावर आणि दहा-बारा कॉलेजांच्या सुट्ट्या दुसऱ्या कागदावर मांडल्या की असे दिसते, की सर्वांची सुट्टी एकाच आठवड्यात नसते. कोणाची मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, कोणाची दुसऱ्या. तीन आठवड्यांच्या सुट्टीत त्यामुळे फटी सापडतात. त्या फटींतून मार्ग काढला, तर एका दिवशी फार तर दोन कॉलेजे पाहावीत. माहितीची बैठक तासाभराची, फेरी तासाभराची, आणि त्यानंतर कोणा मार्गदर्शकाशिवाय तासभर नुसते हिंडणे. आमच्या मते या शेवटच्या तासातच काय ते कळते. सूचनाफलकावर कशाच्या चिठ्ठ्या लावल्या आहेत, मुले एकमेकांशी बोलतात की मान खाली घालून जातात, रात्री नऊ वाजता ग्रंथालयात किती दिवे आहेत, हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

पण येथेच खरा पेच उभा राहतो. पाहणीचा हंगाम आणि मुलाखतीचा हंगाम एक नाही. आवारात मुलाखत घेणारी कॉलेजे साधारणतः अकरावी संपविलेल्या विद्यार्थ्यालाच ती देतात. म्हणजे जूनपासून पुढे, हिवाळ्याच्या तोंडापर्यंत. मार्चमध्ये गेलेल्या मुलाला आवार दिसते, पण मुलाखत बहुधा मिळत नाही. उन्हाळ्यात गेलेल्या मुलाला मुलाखत मिळते, पण आवार ओस असते. घरी राहून शिकणारा मुलगा दोनदा जाऊ शकतो. वसतिशाळेतील मुलाला, त्यातही ज्याचे घर टेक्सासमध्ये, सोलमध्ये किंवा मुंबईत आहे अशाला, दोन खेपा म्हणजे चैन आहे. त्याच्यापाशी मोटार नसते. शनिवारच्या वर्गाला दांडी मारावयाची तर परवानगी लागते. आणि कॉलेज पाहण्यासाठी म्हणून शाळा जे रजेचे दिवस मंजूर करते, ते बोटांवर मोजण्याइतके. हे दिवस हीच त्याची पुंजी. ती कोठे खर्च करावी याचा विचार आधी न करता मुले सप्टेंबर-ऑक्टोबरातच ती उधळून टाकतात, आणि एप्रिलमध्ये हात रिकामे राहतात. एप्रिलचे महत्त्व पुढे सांगतोच.

या पेचातून सुटण्याची एक वाट आम्हांस विशेष उपयुक्त वाटते, आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. न्यू इंग्लंडमधील पुष्कळ वसतिशाळा सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे तेथील कामगारदिन, उलटून गेल्यावर उघडतात. कॉलेजांपैकी पुष्कळशी मात्र ऑगस्टच्या अखेरीसच सुरू झालेली असतात. मधले आठ-पंधरा दिवस असे मिळतात, की कॉलेजात वर्ग भरत आहेत, मुलाखतीची कचेरी उघडी आहे आणि आपला विद्यार्थी अजून मोकळा आहे. एकाच खेपेत दोन्ही कामे होतात, आणि रजेचा एकही दिवस मोडावा लागत नाही. दोन गोष्टी मात्र पाहून घ्याव्यात. नवे विद्यार्थी सामान घेऊन येतात त्या एक-दोन दिवसांत काही कॉलेजे पाहुण्यांना घेत नाहीत. आणि फुटबॉल-हॉकी खेळणाऱ्या मुलांना शाळा सरावासाठी लवकर बोलावून घेते. त्यांच्या हाती ही फट लागत नाही. डार्टमथ, शिकागो, स्टॅनफर्ड यांच्यासारखी संस्था वर्षाचे चार भाग करते आणि सप्टेंबरच्या मध्याला किंवा अखेरीस उघडते, तेथेही हा हिशेब चुकतो. पण त्यांचे वसंतसत्र जूनपर्यंत लांबते; तेव्हा मे-जूनमध्ये शाळा सुटल्याबरोबर तिकडे गेले, तर कॉलेज भरलेले सापडते.

एवढी घाई का, असे कोणी विचारील. कारण १ नोव्हेंबर. ‘अर्ली डिसिजन’ या नावाने जे अर्ज केले जातात त्यांची मुदत बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबरला संपते, निकाल डिसेंबरच्या मध्याला लागतो, आणि प्रवेश मिळाला तर तो घेण्याचे वचन अर्जातच दिलेले असते. म्हणजे सतरा वर्षांचे मूल ऑक्टोबरच्या अखेरीस शब्द देऊन बसते. ज्याने ते कॉलेज चालू स्थितीत कधी पाहिलेलेच नाही त्याने असा शब्द देणे म्हणजे वधू न पाहता साखरपुडा उरकणे होय. वसतिशाळांत या वचनाचे वारे फार जोराने वाहते. एका मजल्यावर वीस मुले राहतात. त्यांतील बारा जणांनी कॉलेज ‘ठरविले’ की उरलेल्या आठ जणांना रात्री झोप येत नाही. घरी आई असती तर तिने थांबावयास सांगितले असते, वसतिगृहात तसे सांगणारे कोणी जवळ नसते. मुलाच्या अशा ऑक्टोबरमध्ये पालकांनी दूरध्वनीवर मुलाला इतकेच विचारावे : ‘तू तेथे पुन्हा एक दिवस राहून येशील का?’ उत्तर लगेच ‘हो’ असे आले नाही, तर वचन देण्याची घाई करू नये.

जवळपणाचा मोह हाही असाच. डीअरफील्डच्या मुलाला आमहर्स्ट कॉलेज अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर आहे, अँडोव्हरच्या मुलीला केंब्रिज तेवढेच. जे सहज पाहता येते तेच पाहिले जाते, आणि पुढे तेच आवडले असे वाटू लागते. शाळेपासून लांब असलेले निदान एक कॉलेज मुद्दाम पाहावे.

प्रवास न करता होणारी एक भेट मात्र मुले हकनाक वाया घालवितात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निरनिराळ्या कॉलेजांचे प्रतिनिधी आजही शाळाशाळांतून फिरतात, आणि नामांकित वसतिशाळांत तर त्यांची रीघ लागते. जुन्या ए-बी-सी पद्धतीचा हा उरलासुरला अवशेष म्हणा. येणारा माणूस पुष्कळदा त्या भागातील अर्ज वाचणाराच असतो. त्याच्याशी चाळीस मिनिटे बोलण्यास रजा लागत नाही, तिकीट लागत नाही. लागतो तो एक मोकळा तास, आणि नेमका तोच तास मुले झोपेसाठी राखून ठेवतात.

मुलाखतीत काय बोलावे याविषयी आम्ही थोडक्यातच सांगू, कारण त्यावर बाजारात पुस्तके उदंड आहेत. आपल्या पहिल्या पसंतीच्या कॉलेजची मुलाखत सर्वांत आधी ठेवू नये. जीभ मोकळी होण्यासाठी एखादी आधी होऊन जाऊ द्यावी. वसतिशाळेतील मुलांचा धोका गप्प बसण्याचा नसतो. मोठ्या माणसांशी जेवणाच्या टेबलावर रोज बोलण्याची त्यांना सवय असते. अँथनी अब्राहम जॅक यांनी ‘द प्रिव्हिलेज्ड पुअर’ या २०१९ च्या पुस्तकात दाखविले आहे, की गरीब घरांतून शिष्यवृत्तीवर अशा शाळांत गेलेल्या मुलांनाही हे वळण लागते आणि कॉलेजात प्राध्यापकांशी बोलताना त्याचा उपयोग होतो. धोका असतो तो फार गुळगुळीत बोलण्याचा. दहाव्या मुलाखतीत तेच उत्तर त्याच हातवाऱ्यांसह दिले, की ऐकणाऱ्याला ते ओळखू येते.

आता एप्रिल. सर्वसाधारण मुदतीचे अर्ज जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जातात, निकाल मार्चच्या अखेरीस लागतात, आणि उत्तर देण्याचा रूढ दिवस १ मे. २०२४ साली केंद्र सरकारचा आर्थिक साहाय्याचा नवा अर्ज वेळेवर तयार न झाल्याने अनेक कॉलेजांनी हा दिवस पुढे ढकलला होता. परंतु तो अपवाद. म्हणजे खऱ्या निवडीसाठी जेमतेम महिना मिळतो, आणि वसतिशाळेची ती लांबलचक मार्चची सुट्टी निकाल लागण्याच्या सुमारास नेमकी संपलेली असते. याच महिन्यात कॉलेजे प्रवेश मिळालेल्यांना बोलावून घेतात, रात्रभर वसतिगृहात ठेवून घेतात. ज्याला आर्थिक साहाय्याची गरज आहे त्याच्यासाठी तर ही भेट सर्वांत मोलाची, कारण कोणते कॉलेज किती देणार हे आता कागदावर आलेले असते, आणि कचेरीत बसून ‘तेथे इतके देतात, आपण काही करू शकाल काय?’ असे विचारता येते. पाहणीचे सारे दिवस आधीच संपविलेल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पत्राने विचारावा लागतो. म्हणून आम्ही म्हणतो, की मंजूर रजेपैकी निदान दोन दिवस एप्रिलसाठी शिल्लक टाकावेत. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी काही कॉलेजे प्रवासखर्च देऊन शरदात बोलावतात. पण त्यासाठीचे अर्ज उन्हाळ्यातच भरावे लागतात, आणि शाळा बंद असताना ही आठवण करून देणारे कोणी नसते.

आपल्या देशातील वसतिशाळांतूनही मुले अमेरिकेत जातात. मसुरीची वुडस्टॉक शाळा १८५४ ची, कोडाईकनालची १९०१ ची. आणि आपल्या पुण्याजवळ मुळशी तालुक्यात १९९७ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेजची शाखा आहे. २००० साली सुरू झालेल्या डेव्हिस शिष्यवृत्तीमुळे युनायटेड वर्ल्ड कॉलेजांतील मुलांना तिकडील अनेक कॉलेजांत साहाय्य मिळू लागले. या मुलांना आवार पाहणे बहुधा शक्य नसते. २०२० च्या महामारीत मुलाखती पडद्यावर आल्या आणि पुष्कळशा तेथेच राहिल्या, हा त्यांचा मोठा लाभ. पण तारखांची अडचण त्यांचीही सुटलेली नाही, ती घड्याळात शिरली आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्याहून साडेनऊ तास मागे असते, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते एकदम साडेदहा तास मागे जाते. लवकरच्या अर्जांच्या मुलाखती नेमक्या याच सुमारास चालू असतात. बॉस्टनमधील माजी विद्यार्थी नोकरीवरून घरी येऊन संध्याकाळी सातला बसतो, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाट असते : ऑक्टोबरात साडेचारची, नोव्हेंबरात साडेपाचची. वार बदलतो, तास बदलतो, आणि मुलगी एक तास आधी किंवा पूर्ण एक दिवस उशिरा पडद्यासमोर येऊन बसते. वेळ ठरविताना दोन्ही गावांचा वार, तारीख आणि तास पत्रात स्पष्ट लिहून घ्यावा. शक्य असल्यास त्यांची सकाळ मागावी. तिकडचे नऊ म्हणजे इकडे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. तो अभ्यासाचा किंवा जेवणाचा तास असतो, पण निदान जागे राहण्याचा असतो. शिवाय दिवाळीची सुट्टीही याच सुमारास येते. २०२४ साली तर आपल्याकडील पंचांगांतील लक्ष्मीपूजन आणि १ नोव्हेंबरची मुदत एकाच दिवशी आली. ज्या शाळा थंडीत लांब सुट्टी देतात तेथे जानेवारीची मुदतही सुट्टीतच पडते. शिफारसपत्रे लिहिणारे शिक्षक त्या वेळी आपापल्या गावी गेलेले असतात, तेव्हा ती कामे शाळा सुटण्यापूर्वी उरकून घ्यावी लागतात.

वसतिगृहाच्या व्यवस्थापकांनीही यात थोडे करण्यासारखे आहे. पहाटे साडेपाचला दहा जणींच्या खोलीत दिवा लावून मुलाखत देता येत नाही. एक लहानशी खोली, खात्रीचे इंटरनेट आणि तिची किल्ली आदल्या रात्री मुलीच्या हाती असली, म्हणजे पुरे. इंटरनेट बंद पडले तर फिरवावयाचा दूरध्वनी क्रमांक मुलाखत घेणाऱ्याला आधी कळवून ठेवावा, आणि त्या दिवशी सकाळच्या कवायतीतून तिला सूट द्यावी.